शेरडं कोण राखत होतं

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. कुणीही यावं, ऐकावं आणि वाटलंच तर प्रश्नही विचारावा, असा रिवाज. माझ्या परीक्षेला करमाळ्याहून वडील आले. सोलापुरात त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, तरी पांढरा फेटा आणि कडक इस्त्रीचं धोतर. "आबा, पुढं बसा की," म्हटलं, तर म्हणाले, "हितंच बरं हाय," आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले.

माझा विषय मानसशास्त्रातला. मेंढपाळ घरातला पुरुष मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर असतो. मागं बाईच्या वाट्याला घर, म्हातारी माणसं आणि शेरडं. तिच्या मनाचं काय होतं? झोप लागते का, जीव घाबरा होतो का, बोलायला कुणी आहे का? आम्हीही असल्याच घरातले, त्यामुळे विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. वस्त्या मात्र लांब होत्या. एसटी जात नाही तिथं आबा मला मोटारसायकलवरून न्यायचे. मी घरात बायांजवळ बसले की ते गायब. निघताना "झालं का?" एवढंच विचारायचे. कुठंतरी झाडाखाली पान खात गप्पा ठोकत असतील, असं मी धरून चालले होते.

बाहेरून आलेले परीक्षक अगदी हळू आवाजात बोलायचे. असल्या माणसांची मला जास्त धास्ती वाटते. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "वडील सोबत असायचे म्हणता. आपल्याच समाजातला वडीलधारा पुरुष बाहेर बसलेला असताना या बायका मनातलं बोलल्या, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. बायका मोकळेपणानं बोलल्या नसतील तर माझा अख्खा प्रबंधच पोकळ. मी पुस्तकातले दोन-चार जड शब्द फेकून पाहिले. त्यांची मान काही हलेना. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात चालली असं वाटलं.

तेवढ्यात अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही बोलायचं आहे?" यावर सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, हे आम्हाला ठाऊक. आबांना कुठून ठाऊक असणार? लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांना बोलायला सांगतात, तसलंच काहीतरी त्यांना वाटलं. फेटा सावरत ते उभे राहिले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"मी पोरीचा बाप. सायेब म्हणत्यात तसा मी भाईर बसल्यालो न्हाय. बाया बोलत बसल्यावर शेरडं कुणी राखायची? मी शेरडं घिऊन माळाला जायाचो, बोलणं झाल्यावर आणून बांदायचो. त्या काय बोलल्या मला ठाव न्हाय. पोरीलाबी कदी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर फुडच्या खेपंला कुणी बोललं असतं व्हय?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायांना वाटलं असणार, हिला ठाऊकच आहे. ज्या निवांतपणाला मी माझं कौशल्य समजत होते, तो आबांनी मिळवून दिलेला होता.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे प्रबंधात आहे?"

"नाही, सर."

"घाला. आभाराच्या पानावर नको, संशोधनपद्धतीत घाला. मग माझी शंका उरत नाही."

पदवीची शिफारस झाली. जिना उतरताना आबांनी हळूच विचारलं, "माझं लई चुकलं का गं?" "नाही, आबा," मी म्हटलं. आभाराच्या पानावर मी त्यांच्या 'प्रोत्साहना'बद्दल छापील वाक्य लिहिलं होतं. खरं तर माझ्या कामातला अर्धा वाटा त्यांचा होता.

संध्याकाळी सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीवर फेटा उशाला ठेवून ते आडवे झाले. मी शेजारी बसून संशोधनपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य घातलं : 'मुलाखतींच्या वेळी सहभागी स्त्रियांची शेरडं संशोधिकेचे वडील राखत होते.'