प्रिंट केलाय, आणि लपवणार नाही

मंडळी, आज डोकंच फिरलं.

डमडमच्या माझ्या कारखान्यात एक गृहस्थ त्यांच्या कंपनीच्या साहेबांसाठी प्लास्टिकच्या झाकणाचा साचा न्यायला आले होते. स्टीलच्या भुकटीचे थर वितळवत मी तो थ्रीडी प्रिंट केलाय, मग मिलिंग मशीनवर कापून गुळगुळीत केलाय. साचा थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट आतून झाकणासारखीच गोल फिरते. ड्रिल असं वळत नाही, म्हणून तर प्रिंट केला!

त्यांच्यासमोर साच्यातून झाकणं काढून दाखवली. एकही वाकडं नाही. गृहस्थ खूश.

मग हळूच म्हणाले, "दीदी, साहब को मत बोलना कि प्रिंट किया है. खिलौना समझेंगे."

म्हटलं, "बोलूंगी."

ते रिकाम्या हाताने गेले. साचा माझ्यासमोर टेबलावर आहे.

तुम्ही लपवलं असतं?