सुलक्षणाची जोडपदवी

सुलक्षणा रामटेके साउथहॅम्प्टनला पायांची डॉक्टरकी शिकत होती, आणि तिच्या वडिलांनी ही गोष्ट लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये, जिथं ते राहत, होता होईल तो कुणाला कळू दिली नव्हती. कुणी विचारलं की काशीनाथराव सांगायचे, "मेडिकल लाइनला आहे." त्यावरही कुणी खोदून विचारलंच, तर चहा टाकायला उठायचे. एरवी या गृहस्थांनी स्वतःच्या हातानं कधी चहा केला असेल तर शपथ!

माणूस मोठा प्रेमळ, पण एका बाबतीत भलता कडक. घरात कुणी पाया पडायला वाकलं, की चटका बसल्यासारखे मागं सरकायचे. "ऊठ आधी! जय भीम म्हण, मान वर करून म्हण." पुण्याहून नव्यानं आलेली सॉफ्टवेअरवाली पोरं चांगल्या वळणाची म्हणून वाकायची आणि ओरडा खाऊन बसायची. आपल्या बापजाद्यांनी सारा जन्म दुसऱ्यांच्या पायाशी काढला, हे काशीनाथराव विसरायला तयार नव्हते, आणि त्यांनी का विसरावं? शिकून, रेल्वेच्या सिग्नलचं काम मिळवून, ते नागपूरहून इथवर आले ते ताठ मानेनं. आणि एकुलत्या एका लेकीनं निवडलं काय, तर पोडियाट्री. लोकांचे पाय हातात धरायचे, नखं कापायची, कुरुपं काढायची.

"काऊन गं," त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हात, डोळे, कान, काहीच उरलं नव्हतं का शिकायला?"

"बाबा, आय लाइक फीट," सुलक्षणा म्हणाली. याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं.

पण ते खरं होतं. या पोरीला पायांचं वेडच होतं. ट्रेनमध्ये लोक पेपर वाचायचे आणि ही समोरच्यांच्या बुटांच्या टाचा वाचायची. कुणाची आतून झिजली, कुणाची बाहेरून, त्यावरून त्याची कंबर कुठं दुखत असेल याचा मनातल्या मनात हिशेब मांडायची. एकदा तर तिनं एका अनोळखी बाईला स्टेशनवर थांबवून बूट बदलायला सांगितलं होतं. आई, चंदाबाई, हे ऐकून पोट धरून हसली होती. काशीनाथराव हसले नव्हते.

दोन हजार सहाच्या वसंतात त्यांना एकदाची आशेची फट दिसली. कॉलेजनं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगितलं, की नुसती पोडियाट्रीची पदवी घेऊन नोकरीला लागा, नाहीतर एक वर्ष जास्त थांबून तिच्याबरोबर दुसरा विषय जोडा. मॅनेजमेंट, शिक्षणशास्त्र किंवा पब्लिक हेल्थ. काशीनाथरावांची कळी खुलली.

"मॅनेजमेंट! म्हणजे तू ऑफिसात खुर्चीवर बसशील. पाय धरायला बाकीचे राहतील."

सुलक्षणानं होकारार्थी मान डोलावली. खरं तर तिला पब्लिक हेल्थ हवं होतं. हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंटवर, म्हणजे सरावाला, असताना एक गुजराती आजोबा आले होते. मधुमेहामुळं काळं पडलेलं बोट त्यांनी कित्येक आठवडे मोज्यात लपवलं होतं. लाज वाटत होती म्हणून, दुखत नव्हतं म्हणून, आणि एका मुलीपुढं पाय कसा करायचा म्हणून. बोट गेलं. आपली माणसं सगळ्यात शेवटी येतात, हे सुलक्षणानं त्या दिवशी पाहिलं, आणि ती टॉयलेटमध्ये जाऊन रडली. माणसं क्लिनिकला येत नसतील तर क्लिनिकनंच माणसांकडं जायचं, हे शास्त्र तिला शिकायचं होतं. पण बापाचा खुललेला चेहरा पाहून तिची हिंमत होईना. कॉलेजला सोमवारी कळवायचं होतं, आणि ती मॅनेजमेंट कळवणार होती.

आदल्या दिवशी रविवारी बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. एका शाळेचा हॉल घेतला होता. दाराशी बूट-चपलांचा ढीग, आत बुद्धाच्या मूर्तीसमोर पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, आणि पांढऱ्या सदऱ्यातले काशीनाथराव अनवाणी पायांनी इकडून तिकडं. दरवर्षी पताका लावण्याचा मान त्यांचाच. तोंडात ड्रॉइंग पिना धरून ते खुर्चीवर चढायचे, दोन-चार पिना खाली पाडायचे आणि मुलांना ओरडायचे, "पिना उचला रे, कुणाच्या पायात जातील!"

वंदना झाली, भाषणं झाली. खिरीची पातेली उघडेपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग चंदाबाईंचं लक्ष चादरीकडं गेलं.

"हे सरबत कुणी सांडलं बाप्पा? सगळीकडं थेंब थेंब!"

सुलक्षणानं पाहिलं. थेंब मूर्तीपासून निघून माइकपर्यंत गेले होते, माइकपासून खिरीपर्यंत, आणि खिरीपाशी तिचे बाबा उभे होते, वाटीत दुसऱ्यांदा खीर घेत, एकदम खुशीत.

ती धावलीच. दंडाला धरून त्यांना हॉलमागच्या किचनमध्ये नेलं, खुर्चीवर बसवलं आणि खाली वाकली. काशीनाथरावांनी पाय झटकन आत ओढला.

"ए! ऊठ. वाकू नको."

"बाबा, प्लीज. तुमची पाय दाखवा." घाबरली, की तिच्या मराठीतली लिंगं इकडची तिकडं व्हायची.

"कायले? मला काय झालंय?"

"काहीच दुखत नाही तुम्हाला?"

"काय दुखायचंय?"

तिनं पाय हातात घेतलाच. तळव्यात, अंगठ्याच्या खाली, पिन डोक्यापर्यंत रुतून बसली होती. ती काढून तिनं त्यांच्या तळहातावर ठेवली. काशीनाथराव पिनेकडं बघत राहिले. ती पायात घेऊनच त्यांनी अख्खी वंदना केली होती, आभाराचं भाषण केलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या ते कित्येक वर्षं घेत होते. पण साखर म्हणजे चहात कमी घालायची गोष्ट, पायाचा तिच्याशी काय संबंध, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

सुलक्षणानं जखम धुतली, पट्टी बांधली. मग पर्समधून नायलॉनच्या जाड धाग्याचं एक छोटं साधन काढलं. कॉलेजची मुलं सरावासाठी ते बरोबर ठेवायची.

"बाबा, डोळे मिटा. मी धागा लावला, की हो म्हणा."

काशीनाथरावांनी डोळे मिटले, शाळेतल्या हुशार मुलासारखे ताठ बसले. ती बोटांना धागा टेकवत गेली, मग तळव्याला, मग टाचेला. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अगं, सुरू कर ना."

"बाबा, संपलं."

त्यांनी डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा सुलक्षणानं आपल्या बापाला घाबरलेलं पाहिलं, आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच ती भडाभडा बोलत सुटली: ते आजोबा, ते बोट, उद्या सकाळी जीपी डॉक्टरकडं जायचंच, घरात अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, आणि तिला मॅनेजमेंट नको होतं, कधीच नको होतं. "आय वॉन्ट पब्लिक हेल्थ, बाबा. मला इथं, आपल्या हॉलमध्ये यायचं आहे. पिन जायच्या आधी."

काशीनाथरावांचा हात किती तरी वेळ तिच्या डोक्यावर होता. मग ते म्हणाले, "बाहेर उल्हासलाही साखर आहे. आणि वासनिकबाईंना. आणि आपल्या मंडळाच्या त्या जाड्या सेक्रेटरीला."

"सो?"

"सो काय? चल."

लेकीच्या खांद्याचा आधार घेत, टाचेवर लंगडत ते बाहेर आले आणि त्यांनी माइक हातात घेतला. खिरीच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या. "जय भीम मंडळी. माझ्या पायात पिन गेली आणि मला कळलं नाही. ज्यांना साखर आहे त्यांनी आजपासून आत येताना स्वच्छ सपाता घालून यायचं, भगवान बुद्धांची काही हरकत नसणार. आणि आत्ता रांग लावा. माझी मुलगी पायांची डॉक्टर होतेय, ती तपासेल. पाय दाखवायची लाज धरायची नाही."

पहिल्यांदाच त्यांनी ते चारचौघांत म्हटलं होतं. सुलक्षणानं डोळे पुसले आणि उल्हासकाकांसमोर जमिनीवर बसायला लागली.

"थांब!" काशीनाथराव माइकमध्येच कडाडले. "खाली नाही. उल्हास, स्टेजच्या कडेला चढून बस. पाय वर घे, तिच्या हाताशी. तिला खुर्ची द्या कुणीतरी. माझी पोरगी वाकणार नाही, तुमचे पाय वर येतील!"

आणि खरंच, वॉटफर्डची झाडून सारी मोठी माणसं, धोतर-पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून, त्या स्टेजवर चढून बसली. समोर सुलक्षणा खुर्चीत, मान ताठ, एकेक पाऊल हातात घेत होती. पायाला पट्टी बांधलेले काशीनाथराव शेजारी बसून रांगेतल्या प्रत्येकाला समजावत होते, की पब्लिक हेल्थ म्हणून एक विषय असतो, फार मोठा विषय, आणि आपली मुलगी उद्या तोच कळवणार आहे.