नंबर वडिलांचा टाका

कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवर दोन सीझन काढले की किस्से आपोआप साचतात. टेबलाच्या खणात पोरांचे विसरलेले पासपोर्ट फोटो साचतात ना, तसे. फेकवत नाहीत. मैत्रिणी म्हणतात, सांग ना, तुझ्याकडं भारी असतात. सांगते. सगळ्यांवर हसू येईलच असं नाही.

आमचं सेंटर उस्मानपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावर. तीन टेबलं, एक प्रिंटर, मालक म्हणजे सर, आणि मी. माझ्या टेबलावर पाटी आहे, 'समुपदेशक'. बी.ई. करून घरी होते, लेक तीन वर्षांची झाली तेव्हा इथं लागले. पहिल्याच दिवशी सरांनी नियम सांगितला, "फॉर्मवर मोबाईल नंबर नेहमी वडिलांचा टाकायचा. पोरं सिम बदलतात, बाप बदलत नाहीत."

वाक्य मला फार आवडलं. मीही ते सगळ्यांना ऐकवायला लागले.

*

एक आई मुलाला घेऊन आली. मी मुलाला विचारलं, "तुला काय आवडतं?"

"कॉम्प्युटर," आई म्हणाली.

"हॉस्टेलला राहशील का?"

"नाही राहणार तो. बाहेरचं जेवण चालत नाही त्याला."

"ताई, त्याला बोलू द्या ना जरा."

आई खुर्चीत मागं सरकली. मुलानं बराच वेळ विचार केला, मग तिच्याकडं वळून म्हणाला, "मम्मी, सांग ना."

*

दर शनिवारी मी पालकांसमोर अर्धा तास बोलते. विषय ठरलेला, मुलांवर दडपण आणू नका. एकदा मध्येच सासूबाईंचा फोन आला. कोपऱ्यात जाऊन मी, माझ्या मते हळू आवाजात, विचारलं, "आज तरी 'अ' काढला का तिनं?"

परत आले तर पुढच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, "मॅडम, कितवीला आहे मुलगी?"

"नर्सरीला."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी समजून माना हलवल्या. ते जास्त लागलं.

*

मग स्नेहल साळवे आली. मुकुंदवाडीची, बोलायला कमी. सोबत वडील, चितेगावला कंपनीत कामाला. "जय भीम मॅडम," म्हणून खुर्चीच्या टोकावर बसले आणि एका दमात सांगून मोकळे झाले, "सरकारी कॉलेज लागलं तर इंजिनिअरिंग. प्रायव्हेट आपल्याला झेपणार नाय. नाय लागलं तर घराजवळ बी.एस्सी. तिला मान्य हाय."

"मान्य आहे," स्नेहल टेबलाकडं बघत म्हणाली.

तिचे मार्क सरकारीच्या अगदी उंबऱ्यावर होते. पहिल्या फेरीत लागलं तर लागलं, नंतरच्या फेऱ्यांत आशा नव्हती.

नंबर अर्थातच वडिलांचा टाकला.

*

नोंदणीच्या दिवशी स्नेहलनं वडिलांना फोन लावला, "पप्पा, ओटीपी आला असेल, सांगा."

"आलाय. पण सांगता येत नाय."

"का?"

"कुणालाच सांगायचा नसतो. बँकेचा मेसेज येतोय रोज."

"पप्पा, मी स्नेहल बोलतेय."

"आवाज वळखतो मी. तसंच फसवतेत."

तासाभरात साळवेभाऊ स्वतः हजर. तोवर त्या ओटीपीची मुदत संपली होती. मी दुसरा पाठवला. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला, एक तळवा आडवा धरला आणि एका बोटानं सहा आकडे टाकले.

"भाऊ, पडद्यावर तुमच्याच पोरीचं नाव आहे."

"असू द्या. नियम म्हणजे नियम."

त्या दिवशी आम्ही लई हसलो. स्नेहलसुद्धा हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

*

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी साळवेभाऊ अर्धी सुट्टी टाकून आले. यादी तयार होती, सरकारी कॉलेज एक नंबरला. फक्त लॉक करायचं होतं, त्याशिवाय यादी धरतच नाहीत, आणि लॉकला ओटीपी.

मी यादी तीनदा तपासली होती. तरी बोट थांबलं. दुसरी ब्रँच आधी घ्यावी का? काही चुकलं तर? लॉक एकदा झालं की बदलता येत नाही.

"उद्या करू," मी म्हटलं. "रात्री एकदा शांतपणे बघते."

"मॅडम, मी आज आलोय. उद्या सुट्टी नाय. आणि फोन गेटवर जमा ऱ्हातो आमचा."

"जेवणाच्या सुट्टीत फक्त आकडा सांगा ना फोनवर."

त्यांनी आधी स्नेहलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बघू," म्हणाले.

रात्री मी यादी पुन्हा बघितली. एक अक्षरही बदललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी मुदत पाचपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, "गेटवर हुबा हाय, पाठवा." मी बटण दाबलं. साइट फिरत राहिली. सगळ्या जिल्ह्याची पोरं त्याच दिवशी लॉक करत असणार. अर्धा तास ते गेटवर उभे आणि मी बटण दाबतेय. शेवटी म्हणाले, "मॅडम, आता आत जावं लागंल."

साडेचारला साइट चालू झाली. मी बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, ओटीपी पाठवला आहे. स्नेहल फोन लावत राहिली. पलीकडं कुणाच्या तरी खणात तो वाजत राहिला. नंबर बदलून बघू म्हटलं, तर त्यालाही ओटीपी, जुन्याच नंबरवर. सर दोनदा येऊन पडद्याकडं बघून परत गेले.

पाच वाजले. पडद्यावर एक ओळ आली आणि बटण करडं झालं.

स्नेहल उठली नाही. मीही नाही.

पावणेसहाला माझा फोन वाजला. साळवेभाऊ धापा टाकत होते, मागून कंपनीच्या बसचा हॉर्न.

"मॅडम, आकडा आलाय. कुणाला सांगायचा नसतो, पण तुम्ही लिहा."

मी पेन घेतलं. ते एकेक आकडा सावकाश सांगत गेले, मी लिहीत गेले. सहाही.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवला. समोर स्नेहल माझ्या हाताखालच्या कागदाकडं बघत होती.

"बरोबर," ते म्हणाले. "करा आता लॉक."