मोकळ्या हातांनी येणारे अण्णा

अण्णा हातात कागद घेऊन जिना उतरले, की खालची माणसं आपापल्या कामात राहत. मोकळ्या हातांनी उतरले, की चहाचे पेले खाली ठेवले जात. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कळायला महिना लागला.

नागोजीअण्णा प्रशासनाचे प्रमुख. कंपनी एका पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा ते टंकलेखक म्हणून लागले होते. आम्ही विजेचे मीटर बनवत असू. वर कार्यालय, खाली जुळणी आणि तपासणी. त्यांचा नियम असा, की चांगली बातमी लिहून द्यायची आणि वाईट बातमी चालत जाऊन सांगायची. “चांगलं असलं की माणूस घरी नेऊन दाखवतो, त्याला कागद पाहिजे. वाईट असलं की तो उलट विचारतो. कागदाला काय विचारणार?”

याला एक पोटनियम होता. वाईट सांगून झालं, की आपण आधी उठायचं नाही. समोरचा उठला, की मग उठायचं. सांगून लगेच निघायचं असेल तर चालत कशाला जायचं, फोन करावा, असं ते म्हणत.

मी निपाणीची. धारवाडला मराठीत एम. ए. केलं, मग पुण्यात संज्ञापनाचा एक अभ्यासक्रम, आणि त्या बळावर इथे अंतर्गत संवाद विभागात लागले. विभाग म्हणजे मी एकटीच. परिपत्रकं, सूचना, महिन्याचं वार्तापत्र, सगळं माझ्या संगणकावरून सुटे. खालच्या मजल्यावर मला मेल मॅडम म्हणत. अण्णा निपाणी म्हणत. पहिल्या आठवड्यात मी पुस्तकातली आकृती मोठी करून भिंतीवर लावली. वरून खाली जाणारा संवाद, खालून वर जाणारा, आडवा, तिरका. औपचारिक आणि अनौपचारिक. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहत राहिले. मग कन्नडमध्ये ‘ठीक’ म्हणून विचारलं, “सरी. ह्यात चहाची टपरी कुठाय?”

मी अनौपचारिकच्या चौकटीवर बोट ठेवलं. एवढ्याशा चौकटीत सगळी टपरी मावली का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. जाताना म्हणाले, “वरून खाली येतं ते पाणी, निपाणी. खालून वर जातो तो धूर. वर बसणाऱ्यानं धुरावर डोळा ठेवावा.”

त्यांचं घर गवीपुरमला. घराण्याला बेंगळुरूत किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटसारख्या नव्या वस्त्यांकडून येणारी पुण्यामुंबईची मुलं त्यांच्या मराठीला हसत, आणि त्यांना ते आवडे. “तुम्ही आता आलात, बसनं. आम्ही घोड्यावरनं आलो. स्वल्प फरक पडणारच.”

रत्नम्माचं पत्र मी पाहिलेलं आहे. ती तपासणीच्या टेबलावर काम करी, शेडच्या दिवसांपासून. तिला पर्यवेक्षक केल्याचा मेल मी पाठवला होता. अण्णांनी तरीही कंपनीच्या कागदावर कन्नडमधून पत्र टंकून घेतलं, संचालकांची सही आणली आणि खाली जाऊन तिच्या हातात दिलं. तिने ते काचेत बसवून देवाच्या तसबिरीशेजारी लावलं. मेल कुठे लावला असता, असं तिने मला एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं.

दोन वर्षांनी तपासणीचं काम दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. बावीस माणसं. अफवा नकोत, सर्वांना एकाच वेळी कळावं, म्हणून शुक्रवारी चार वाजता मेल जाईल असं संचालकांनी सांगितलं. ते चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. अण्णांनी एवढंच मागितलं, की त्याआधी बावीस जणांना आपल्याला स्वतः जाऊन सांगू द्यावं. त्यांना दोन ते चार ही वेळ मिळाली.

“मी वर येईपर्यंत सोडू नकोस,” ते मला म्हणाले. मी सरी म्हटलं. मेल आदल्याच दिवशी चारच्या वेळेवर लावून ठेवला होता. मी मनात हिशेब केला: एकाला पाच मिनिटं धरली तरी अण्णा वेळेत वर येतील. पोटनियम माझ्या हिशेबात आला नाही.

पावणेचारला मी काचेतून खाली पाहिलं. अण्णा एका स्टुलावर बसले होते आणि समोरचा माणूस अजून उठला नव्हता. त्याच्या पलीकडे तीन टेबलं बाकी होती, शेवटचं रत्नम्माचं. ती सर्वांत जुनी. तिथे सर्वांत जास्त वेळ बसावं लागेल म्हणून त्यांनी तिला शेवटी ठेवलं होतं. मेल थांबवायला एक बटण पुरेसं होतं, पण मग संचालकांना फोन करून कारण सांगावं लागलं असतं. मी घड्याळ पाहत बसले. चार वाजले तेव्हा अण्णा रत्नम्माच्या अलीकडच्या टेबलाशी होते. खाली फोन वाजू लागले, आधी एक, मग सगळे.

रत्नम्माला इंग्रजी वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुलीने तिला मेल वाचून दाखवला आणि कन्नडमध्ये समजावून सांगितला. पुढचं त्या मुलीनेच मला सांगितलं. अण्णा आले तेव्हा रत्नम्मा म्हणाली, “सगळ्यांना तोंडानं सांगितलंत अण्णा. मला फोननं.”

अण्णांनी चूक माझी, उशीर झाला, एवढंच म्हटलं आणि ते स्टुलावर बसले. ते बसताच रत्नम्मा उठून उभी राहिली. त्यांच्याच नियमाने मग त्यांना उठावं लागलं.

वर आल्यावर त्यांनी मला काय झालं ते विचारलं. वेळ आधीच लावलेली होती, आपोआप गेला, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. अण्णा मान हलवून म्हणाले, “यंत्राला काय कळतंय.”

नंतर ते दोनदा चंदापूरला रत्नम्माच्या घरी गेले. दोन्ही वेळा सून दारात आली आणि सासूबाई घरी नाहीत म्हणाली. आत रत्नम्माच्या बांगड्या वाजत होत्या. हे अण्णांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. निवृत्तीच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी थांबले. हातात काही नव्हतं. हार आणि भेटवस्तू त्यांनी आधीच गाडीत ठेवायला दिल्या होत्या.

“तुला काही सांगायचंय का, निपाणी?”

मी नाही म्हटलं. ते अजून थोडा वेळ उभे राहिले. मग सरी म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आता कळायचं नाही.

अण्णा गेल्याची बातमी मला जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मिळाली. सकाळची वेळ होती. फोटो, फोटोखाली एक ओळ, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती बोटाने सरकवावी लागेल एवढी लांब झाली. मीही हात जोडले. मग गटातली नावं एकेक करून वाचली. रत्नम्माचं नाव नव्हतं. तपासणीच्या माणसांपैकी कुणाचंच नव्हतं.

गवीपुरमला अण्णांच्या घरी जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी रजा काढून चंदापूरला गेले. वाटेत फळं घ्यावीत असं वाटलं होतं, पण घेतली नाहीत. दार रत्नम्मानेच उघडलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

“कोण गेलं?” तिने कन्नडमध्ये विचारलं.

मी सांगितलं. तिने मला आत घेतलं आणि खुर्ची पुढे केली. ती स्वतः भिंतीला टेकून खाली बसली, म्हणून मीही खाली बसले. काचेतलं पत्र देवाच्या तसबिरीशेजारी होतं. मग मी तिला चार वाजताचं सगळं सांगितलं, बटणासकट. अण्णा उशीर करत नव्हते, तुझ्या आधीच्या माणसाजवळ बसले होते आणि तो उठत नव्हता, हेही सांगितलं.

रत्नम्माने एकच प्रश्न विचारला. “त्यांना हे सांगितलं होतंस?”

“नाही.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, सुनेने गॅस बंद केला. बाहेरच्या रस्त्यावरून कारखान्यांच्या बस जाऊ लागल्या, म्हणजे सकाळची पाळी सुटली होती. मला परतीची बस धरायची होती. रत्नम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती उठेपर्यंत मी उठले नाही.