कॅप्टन त्रिकालचं गाऱ्हाणं

मी बरीच वर्षं अंतराळात होतो. तिथून मला खाली उतरवलं माझ्या बायकोनं, ऐन श्रावणात.

त्याचं असं आहे की, बदलापूरला मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी एक नाटक होतं. इतर सोसायट्यांत संगीत खुर्ची, पाककला स्पर्धा वगैरे. आमच्याकडे 'कॅप्टन त्रिकाल'! हा कॅप्टन रॉकेटमधून भूतकाळात जातो, भविष्यकाळात जातो (पडदे कमी पडले तर वर्तमानकाळातच राहतो) आणि शेवटी पृथ्वीला वाचवतो. नाटक लिहिते माझी बायको नीलिमा. कॅप्टन मी. इमारतीला रंग लागला नव्हता तेव्हापासून मीच!

एरवी मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तिथे माझं नाव 'ओ, जरा ऐका' असं आहे. पण मांजर्लीत भाजी आणायला निघालो की पोरं सॅल्यूट ठोकायची. "कॅप्टन, रॉकेट कुठे पार्क केलं?" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. त्या सॅल्यूटवर माझं वर्ष निघायचं.

तर श्रावणात मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये माझा चंदेरी सूट आणायला गेलो. तिथले जीन्स शिवणारे एक सिंधी मास्टर तो दर वर्षी थोडा सैल करून देतात. (सूट आटतो. आमच्याकडची हवाच दमट.) या वर्षी त्यांनी जो सूट समोर धरला, त्यात माझा एक पाय जेमतेम गेला असता.

"मास्टरजी, ये किसका है?"

"कॅप्टन का! भाभीजी का फोन आया था, बोली कमर आधी कर दो. साईं, इतना कपडा बचा कि मैंने दो थैली भी सिल दी!"

सूट आणि दोन चंदेरी पिशव्या घेऊन मी घरी आलो.

"नीलिमा, हे काय आहे?"

"अगं बाई, पिशव्या छान झाल्यात! सांगणारच होते मी. या वर्षी कॅप्टन सई."

सई म्हणजे आमची मुलगी. कॉलेजात जाते, सोफ्यावर राहते.

"कॅप्टन त्रिकाल मुलगी? अगं, तो पुरुष आहे!"

सईनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "पप्पा, तुझे केस गेले तेव्हा मम्मीनं कायापालट यंत्र लिहिलं होतं ना? कॅप्टन त्यात शिरला आणि टकला होऊन बाहेर आला. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग टक्कल चालतं आणि मी नाही चालत?"

मी तो प्रश्न सरळ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. माणूस घरात हरला की ग्रुपवर जातो.

तिथे जे पेटलं ते विचारू नका! 'कॅप्टनला मिशी आहे, मिशीशिवाय रॉकेट शोभत नाही,' असं ए विंगनं लिहिलं. 'मिशी पेन्सिलीनं काढतात, शाळेपासून बघतोय,' बी विंगचं उत्तर. 'आमच्या मुलांनी लहानपणापासून एकच कॅप्टन पाहिलाय, त्यांच्या मनावर काय परिणाम होईल?' 'तुमचा मुलगा तिशीचा आहे!' 'बाई कॅप्टन झाली तर पृथ्वी वेळेत वाचेल, हे दर वर्षी फार लांबवतात.' (हा मेसेज माझ्या सख्ख्या शेजाऱ्याचा.) मधेच कोणीतरी पाण्याचा टँकर कधी येणार असं विचारलं, त्याला दोन्ही बाजूंनी झोडपलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी तर एकमेकींना विरजण देणं बंद केलं.

घरात माझ्या बाजूनं एकटी आई. "कॅप्टन म्हंजे माझा प्रकाशच. डोळ्यांना सवय झालीय," ती ठामपणे म्हणायची. मला तेवढाच आधार होता.

ग्रुपवर निकाल लागेना, तेव्हा माझ्या डोक्यात एक कल्पना आली. अशा कल्पना मला स्टोअरमध्ये बसल्या बसल्या येतात.

आमच्या गणपतीची प्रतिष्ठापना झाली की तळमजल्यावरचे तात्या देवासमोर गाऱ्हाणं घालतात. तात्या मूळचे मालवणकडचे. ते एकेक मागणं खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालतात आणि आम्ही सगळे हात जोडून, डोळे मिटून "व्हय म्हाराजा!" म्हणतो. आता विचार करा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्याच्या बल्बवरसुद्धा एकमत होत नाही. पण गाऱ्हाण्यात आजवर कोणी "नाय म्हाराजा" म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? एकदा सगळे देवासमोर व्हय म्हणाले की ठराव पास!

आदल्या दिवशी मी पेढे घेऊन तात्यांकडे गेलो.

"तात्या, उद्या गाऱ्हाण्यात एवढंच घाला, कॅप्टन आहे तोच राहू दे."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. "घालतंय. तुझो सगळो विषय देवाच्या कानार घालतंय. तू काळजी करू नको."

'सगळो' या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आरती झाली, मंडप भरलेला, तात्या पुढे सरसावले. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

"बा देवा म्हाराजा! ही सगळी लेकरा तुझ्या पायाशी इली हत, तेंची सेवा मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लिफ्ट मधीच बंद पडता, ती चालती ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता कॅप्टनाचो वाद उभो रवलो हा. ह्यो आमचो प्रकाश काल पेढे घेऊन माझ्याकडे इलो, म्हणता कॅप्टन मीच रवान्दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं, जिंकलो! पण तात्या थांबले नाहीत.

"पण मागल्या वर्षी ह्यो रॉकेटाच्या दारात अडाकलो. पृथ्वी रवली बाजूक, ह्येकाच वाचवूचा लागला, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाजात उत्साह जास्त होता.

"तेव्हा ह्या प्रकाशाचा चेडू, सई, उभा रवला हा, तेच्या हातून काम चांगला करून घे, नि प्रकाशाक बरी बुद्धी दे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

मंडपाचे पत्रे हलले. आणि सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता? माझा! इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. डोळे उघडले तर सगळी सोसायटी देवाकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती.

"तात्या, हे काय केलंत?" मी कळवळून विचारलं.

"अरे, देवाक अर्धा सांगूचा नसता," तात्या शांतपणे म्हणाले. "आणि तू व्हय म्हटलंस मा?"

सई तर गालातल्या गालात हसत होती. "पप्पा, देवासमोर म्हटलंयस. आता फिरवता येणार नाही."

त्या दिवशी मला मोदक गोड लागले नाहीत. आता भाजी आणायला कुठल्या तोंडानं जायचं, हाच विचार. नीलिमाला माझी दया आली असावी. तिनं माझ्यासाठी एक नवीन भूमिका लिहिली, परग्रहाचा दुष्ट राजा. पहिल्याच प्रवेशात कॅप्टन त्याला मारते. "छोटी आहे, पण महत्त्वाची आहे," ती म्हणाली. (बायको हे वाक्य कधी बोलते ते नवऱ्यांना माहीत असतं.)

नाटकाच्या दिवशी पडदा उघडला. चंदेरी सूट घालून सई रॉकेटमधून टुणकन उतरली, आणि मांडवातल्या झाडून सगळ्या पोरांनी उभं राहून सॅल्यूट ठोकला. सिंहासनावरून मीही सॅल्यूट ठोकला. थोडा अभिमानानं, थोडा मत्सरानं. प्रमाण विचारू नका. तेवढ्यात तिनं किरणबंदूक रोखली. मी छातीवर हात ठेवला, गिरकी घेतली, सिंहासन घेऊन कोसळलो आणि मेलो.

मांडव टाळ्यांनी दणाणला. "वन्स मोर! वन्स मोर!"

कॅप्टन असताना इतक्या वर्षांत मला एकदाही वन्स मोर मिळाला नव्हता. त्या दिवशी लोकांनी मला पुन्हा पुन्हा मरायला लावलं. दर वेळी ती आरोळी पहिल्या रांगेतून सुरू व्हायची. शेवटी मी मेल्या मेल्या एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर खुर्चीवर उभी राहून ओरडत होती माझी आई.