पायाशी गेलेलं पान

माझी भामाआत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, भाकरीचं पीठ परातीत पसरायची, त्यावर बोटानं काहीतरी काढायची आणि मग ते मोडून पाणी ओतायची. पाटणच्या वरच्या अंगाला सावरघळ नावाच्या वाडीत तिचं सासर. एकसष्ट साली धरणाचं पाणी चढलं आणि वाडी गेली. लोकांना तासगावकडच्या माळावर जमिनी मिळाल्या. आत्तीला मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. "माळावर एकट्या काय करणार, आमच्याकडं चला," म्हणून माझ्या यजमानांनी तिला माधवनगरला आमच्या घरी आणलं.

तरी माळावर कुणाचं लग्न निघालं की पहिला सांगावा आत्तीला यायचा. त्या भावकीचं देवक कळंब. लग्नाच्या आदल्या दिवशी कळंबाची डहाळी मांडवात आणून देव म्हणून बसवायची. त्या वेळची गाणी साऱ्या वाडीत तिला एकटीलाच पाठ. चार दिवस आधीपासून ती लुगड्याच्या घड्या घालत बसायची.

"आत्ती, नवरी तू का ती?" मी विचारायचे.

"नवरी काय, कुणीबी हुती. गानारी मी एकटीच हाय."

चौसष्टच्या उन्हाळ्यात, हे ज्या विणकारखान्यात देखरेखीला होते, तिथल्या मालकांना दिवाळीसाठी पाच नव्या पातळांचा संच काढायचा होता. मुंबईची नक्षी उचलून उचलून ते कंटाळले होते. आपल्या मुलखातलं काहीतरी द्या, म्हणाले. यांनी माझं नाव सुचवलं. कॉलेजात मला चित्रकलेची बक्षिसं मिळाली होती, लग्नानंतर हात रांगोळीपुरता उरला होता. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो रोज परातीत होता.

महिनाभर दुपारच्या आम्ही दोघी बसलो. ती पिठात काढायची, मी चौकटीच्या कागदावर उतरवायचे. उतरणीची भातखाचरं. बगळ्यांची रांग. नदीच्या उताराचे दगड. तिच्या सासूच्या हातावरचं गोंदण. पाचवं कळंबाचं पान. ते काढण्याआधी तिनं हात धुतले, आणि काढून झाल्यावर ते पीठ भाकरीला न घेता गाईला घातलं.

"मने, हे पदरावर घाल. पायाशी नगं. देव हाय त्यो."

"पदरावरच घालते," मी म्हणाले.

कारखान्यात माग जुळवून देणारा गुंडा नावाचा जॉबर कागद बघून म्हणाला, "वैनी, काठ माग आपोआप काढतुया. पदराला दर पातळामागं माग थांबवायचा, जुळणी बदलायची. मालक न्हाई म्हननार. पान काठाला घिऊया, झ्याक दिसंल."

चार नक्ष्यांवर मालक खूश होते. पाचवी गेली असती तर संच मोडला असता, आणि माझं नाव पहिल्यांदाच कुठंतरी लागणार होतं. गुंडानं कानावरची विडी काढून परत कानावर ठेवली, तेवढ्या वेळात मी "चालेल" म्हणून गेले.

घरी येऊन सांगितलं, "पान काही पसंत पडलं नाही, आत्ती."

"ऱ्हाऊ दे की. चार तर झाली. तू वाईट वाटून घिऊ नगं," असं म्हणून तिनं माझ्या ताटात तूप जास्त वाढलं.

दिवाळीला संच निघाला. चार पातळं बरी गेली, पानाचं मात्र कोरेगावच्या बाजारापर्यंत पोचलं. आत्तीला मी बगळ्याच्या काठाचं आणून दाखवलं. पानाचं घरात येऊ दिलं नाही.

फाल्गुनात माळावर लग्न होतं. शेजारच्या धोंडुबाईला सोबत घेऊन आत्ती गेली आणि ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच परतली. आली ती तडक चुलीपुढं बसली. मागच्या दारी धोंडुबाईनं मला गाठलं.

"तीन बाया त्येच पातळ नेसून आल्या. आदी समदी हरखली, आपलं पान म्हनून. मग एक म्हातारी बोलली, अगं, देव पायात आलाय. माधवनगरचं पातळ, म्हनून समदी बगत्यात भामाबाईकडं."

"मग?"

"मग ती म्हनली, मीच सांगितलं. मला अडान्याला काय कळतंय, काठावर घाला म्हनलं. नारळ ठिवला देवाम्होरं, नाक घासलं. तुमचं नाव न्हाई काडलं, वैनी. गानं काय तिच्या त्वांडून फुटलं न्हाई."

मी आत गेले. आत्ती पीठ मळत होती. त्या दिवशी तिनं पिठात काहीच काढलं नव्हतं. मला बोलायचं होतं. मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला आणि बाहेर आले.

वर्ष गेलं, सांगावा आला नाही. लग्नसराईचे बँड वाजायला लागले की ती दार लोटून घ्यायची. शेवटी एका सकाळी मी माळ गाठला. वाडीचे जुने कारभारी हंबीरराव दोर वळत बसले होते. त्यांना मी सगळं सांगितलं.

"ठावं हाय आमास्नी," ते हात न थांबवता म्हणाले. "काठ का पदर, हे भामावैनीला कोन इचारतंय? नारळ दिला, मिटलं."

"मग तिला बोलावत का नाही?"

आता त्यांचा हात थांबला. "दोनदा मानूस धाडला तुमच्या दारात. तिनं परत लावला. म्हनली, मी आले की लुगड्याची गोष्ट निघंल, आन् आज ना उद्या पोरीचं नाव निघंल. दोन लग्नं बिनगान्याची लागली बगा."

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आत्ती परात घेऊन बसली होती.

"कुठं गेलतीस?"

"बाजारात."

"पिशवी रिकामीच दिसती."

मी हात धुतले. तिच्यापुढची परात ओढून पीठ सारखं केलं आणि बोटानं कळंबाचं पान काढलं.

"माळावर गेले होते, आत्ती. पुढच्या लग्नाला मी तुझ्यासंगं येते. मांडवात मी सांगते, पान मी खाली घातलं, आणि तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं परात आपल्याकडं वळवली. "देठ वाकडा काडलास," म्हणाली. मग ते पीठ गाईसाठी वेगळं काढलं. "नुसतं सांगून काय हुतंय? गानी शीक. माझ्यामागं कोन म्हननार हाय ती?"

तिनं पहिली ओळ म्हटली. मी तीनदा म्हटली, तीनदा चुकले. चौथ्यांदा म्हणताना माझी नजर माझ्याच पातळाच्या काठावर गेली. तो साधा होता.

"खाली काय बगतीस," आत्ती म्हणाली. "म्हन."