आत्याची रांगोळी आणि अकरा मिनिटांची आइस हॉकी

देशभर आइस हॉकीचा उत्सव होता. आमच्या भागात तो अकरा मिनिटं झाला. त्याचं ब्रँडिंग माझ्याकडे होतं.

(हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐका!)

तर मी मुक्ता. पुण्याहून मार्केटिंगमध्ये एमएस्सी करायला इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आले, आत्या-काकांच्या सामान ठेवायच्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये मुक्काम ठोकला आणि नंतर एका छोट्या एजन्सीत प्रोबेशनवर चिकटले. व्हिसा संपायला नऊ आठवडे उरले होते. माझा बॉस ग्रॅहम याने स्पष्ट सांगितलं होतं, "हा वीकेंड नीट पार पाड, मग सोमवारी तुझ्या व्हिसाच्या स्पॉन्सरशिपचं बोलू." म्हणजे मी इथे राहणार की घरी परत जाऊन सगळ्या सोसायटीकडून "काय गं, आलीस का परत?" ऐकणार, हे सगळं एका काळ्या रबरी चकतीवर अवलंबून होतं! (त्या चकतीला पक म्हणतात. मला हे इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी कळलं. इंटरव्ह्यूत मी म्हणाले, लहानपणापासून आइस हॉकीचं वेड आहे. पुण्यात.)

पोस्टर्स झाली, स्कार्फ झाले, भाड्याचं पांढरं अस्वल मॅस्कॉट म्हणून ठरलं. राहिला होता फक्त लोगो, रिंकच्या बरोब्बर मधोमध, बारा फुटी. आता हा लोगो बर्फावर नसतो हो, बर्फाच्या आत असतो! आधी पातळ बर्फ, त्यावर रंग, त्यावर परत बर्फाचे थर. त्यासाठी रिंकचा बर्फ सांभाळणाऱ्या नायजेलला दहा दिवस आधी फाइल पाठवायची होती.

मॅचच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, नायजेलचा फोन आला. "ती फाइल येतेय ना?"

फाइल ड्राफ्ट्समध्ये होती. 'डिअर नायजेल', मग स्वल्पविराम. त्यानंतर मी बहुतेक चहा प्यायला गेले होते.

त्या दिवशी बाहेर पाऊस, चार वाजताच काळोख, आणि मी आत्याच्या किचनमध्ये सिंकला टेकून ढसाढसा रडत होते.

"रडतेस काय?" आत्या म्हणाली. "केवढा पाहिजे तो लोगो?"

"बारा फूट."

"बस्स? मंडळाच्या दिवाळीला मी वीस फुटी गणपती काढलाय. बॅडमिंटन कोर्टवर!"

काकांनी पेपरामागून विचारलं, "आणि नंतर मंडळाला तो हॉल परत मिळाला का, तेही सांग तिला."

"अहो, तुम्ही गप्प बसा. मुक्ता, रंग काढ गॅरेजमधून."

इथे मी 'नको' म्हणायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि गॅरेजची किल्ली घेतली!

मग मी नायजेलला सांगितलं की ग्रॅहमची परवानगी आहे, आणि ग्रॅहमला सांगितलं की नायजेलची परवानगी आहे. नायजेल खमका निघाला. म्हणाला, "ही पावडर नक्की कशाची असते?"

मी फोन बाजूला धरून ओरडले, "आत्या, रांगोळी कशाची असते गं?"

"रांगोळीची!"

मी नायजेलला म्हणाले, "इट्स ट्रॅडिशनल." संपला विषय. हा शब्द ऐकला की इथे पुढे कोणी काही विचारत नाही. (ती दगडाची भुकटी असते. मला आता माहितीये. आता सगळ्यांनाच माहितीये.)

शनिवारी सकाळी सात वाजता आत्या बर्फावर. काकांचे थर्मल्स, त्यावर दोन स्वेटर, माकडटोपी, वेलिंग्टन बुटांवरून चढवलेले लोकरी मोजे, आणि बुडाखाली योगा मॅट. काका शेजारी चाळणी धरून उभे. काका हाडांचे सर्जन आहेत, त्यामुळे दर पाच मिनिटांनी, "गुडघा वाकवू नकोस."

"मग रांगोळी काय उभ्याने काढू?"

पण खरं सांगते, तीन तासांत तिने जे काढलं ना! लाल-निळं वर्तुळ, दोन काठ्या, मध्ये पक, कडेने चक्क वेलबुट्टी (ब्रँड गाइडलाइन्समध्ये वेलबुट्टी नव्हती, पण तिला कोण सांगणार?). नायजेलने वरून पाण्याचा बारीक फवारा मारला, तो गोठला आणि सगळं काचेखाली ठेवल्यासारखं चमकायला लागलं. ग्रॅहम आला, बघत राहिला आणि म्हणाला, "मुक्ता, धिस इज व्हाय वी हायर्ड यू." मी आनंदाने बाथरूममध्ये जाऊन परत रडले.

तेवढ्यात आत्याने पर्स उघडली. रांगोळी झाली की वर हळद-कुंकू वाहायचं असतं! ते तिने वाहिलं. चिमूटभर नाही. बारा फुटांना शोभेल एवढं.

बारा वाजता दिवे मंद झाले, म्युझिक वाजलं, आणि दोन्ही टीम्स आल्या. पाहुण्या टीमच्या जर्सी पांढऱ्या होत्या. (हळद आठवतेय ना?)

मॅच मधोमध सुरू होते. म्हणजे लोगोवर.

पक पडला, दोघं त्यावर झेपावले, वरचा पापुद्रा फुटला आणि 'खर्रर्र' असा आवाज आला. फरशीवरून लोखंडी कपाट ओढल्यासारखा! दोघं आडवे. मागून येणारे त्यांच्यावर. उठून पुढे गेले ते दहा फुटांवर आपोआप पडले, कारण त्या भुकटीने स्केट्सच्या पात्यांची धार गेली होती. रेफरी शिट्टी वाजवतच घसरला. प्रेक्षकांना हुरूप यावा म्हणून मी अस्वलाला आत पाठवलं (हो, मीच!). ते पोटावर सरकत लोगोवरून गेलं आणि उठलं तेव्हा छातीभर ओलं लाल कुंकू! पहिल्या रांगेतल्या मुलांनी जी किंकाळी फोडली...

काका स्टँडमधून शांतपणे निदान करत होते. "मनगट ठीक आहे. हा माकडहाडावर पडला. तो उठला, गुड." अकराव्या मिनिटाला मॅच रद्द झाली. हाड कोणाचंच मोडलं नव्हतं.

आत्या मात्र संतापली होती. "आंधळे आहेत का हे? रांगोळीवरून कोणी चालतं का? कडेकडेने खेळायचं ना!"

"आत्या, खेळ मधूनच सुरू होतो."

"मग आधी नाही सांगायचं? मी दारात काढली असती!"

मधोमध काय होतं हे सांगणं माझंच काम होतं, आणि मी ते दोघांपैकी कोणालाच नीट सांगितलं नव्हतं. ना नायजेलला, ना आत्याला.

सोमवारी ग्रॅहम खूप छान बोलला. इथे लोक इतकं छान बोलायला लागले की समजायचं, संपलं. "वी लर्न्ट अ लॉट," म्हणाला, चहा स्वतः करून दिला, आणि स्पॉन्सरशिप शब्द तोंडातून काढला नाही. शुक्रवार माझा शेवटचा दिवस.

घरी आले तर आत्या अंधारात सोफ्यावर बसलेली. टीव्ही बंद, गुडघ्यांना शेकायची पिशवी. मला बघून तिने सरकून जागा केली. मग म्हणाली, "माझ्यामुळे गेलं ना गं?"

"नाही गं. माझ्या ड्राफ्ट्समुळे."

"उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"आत्या, नायजेल म्हणाला, तीस वर्षांत एवढा सुंदर लोगो पाहिला नाही."

"खरंच म्हणाला?"

खरंच म्हणाला होता. (त्यापुढे तो जे म्हणाला ते मी सांगितलं नाही.) ती थोडीशी हसली, मग दोघी जरा रडलो, मग काकांनी खिचडी टाकली आणि ती करपली. असा तो सोमवार.

आता व्हिसाचे पाच आठवडे राहिलेत आणि मी दिसेल तिथे अर्ज करतेय. काल ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. बाईंनी विचारलं, "त्या आइस हॉकीच्या उत्सवात तुमच्या ब्रँडिंगचा लोकांवर काय परिणाम झाला?"

मी एकही शब्द खोटा बोलले नाही. म्हटलं, "मॅडम, लोगोकडे बघून न बघितल्यासारखं कोणीच पुढे गेलं नाही. खेळाडू, रेफरी, अस्वल, सगळे तिथे थांबले. काही जणांनी तर तो अगदी आडवे पडून पाहिला."